बादलीतला भात

कोपरीत आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. नाव मला ठाऊक नाही. यंदा त्यांनी गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत भात लावला होता. रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून ते बादलीवर वाकायचे आणि माझा चहा संपला तरी तसेच असायचे. पाणी घालून झालेलं असायचं. नुसतं बघत राहायचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते फाटकाशी भेटले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रुमालात गुंडाळलेल्या मूठभर लोंब्या. नवा भात आशीर्वादासाठी चर्चमध्ये, त्यांच्या बोलीत देवळात, न्यायची त्यांच्यात रीत आहे. शेतं बिल्डरांकडे गेल्यापासून बहुतेक जण लोंब्या विकतच आणतात.

"मग तुम्ही एवढा खटाटोप कशाला केलात?" मी विचारलं.

"बायको गेली नि मी देवळात जायचं सोडलं," ते म्हणाले. "फादर घरी येऊन समजावून गेले. नाय पटलं. मग तिच्या डब्यात थोडं बियाणं सापडलं. सुकलेलं, मेलेलंच समजा. सहज पेरलं. कोंब आला त्या दिवशी गॅलरीतच गुडघे टेकले मी. मी फक्त पाणी घालत होतो हो. बाकीचं कोण करतं, ते रोज बघितल्यावर कळलं."

मी देव मानत नाही. मी त्यांच्यासाठी रिक्षाला हात केला.

रिक्षा आली. आत बसल्यावर ते सवयीने एका कडेला सरकले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी त्या लोंब्या ठेवल्या.