आत्याचं औषध

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, त्याच सुमारास मी कुरुंद्याजवळच्या आमच्या गावातून हैदराबादला संशोधनाला गेले. काम युरियाचं होतं. प्रायॉन नावाचं, धाग्यासारखं घडी घालून बसलेलं एक प्रथिन सगळ्यांच्याच मेंदूत असतं. ते पाण्यात घ्यायचं, त्यात युरिया थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि कुठे त्याची घडी सुटते ते मोजायचं. मग युरिया कमी करायचा. घडी आपोआप पुन्हा बसते. हे मी सहा वर्षं केलं.

पहिल्या दिवाळीला बाबांनी विचारलं, "नेमकं काय करून राहिली तू तिथं?" मी सांगितलं. बाबा हळद पिकवायचे. युरिया त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचा. म्हणाले, "एवढं शिकून युरियाच टाकायचा होता, तर इथं काय रान कमी होतं?"

मग मी चिडून पुढचं सांगितलं. हे प्रथिन कधी कधी चुकीच्या घडीत बसतं. तसं झालं की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं करतं, ते त्याच्या शेजारच्याला, आणि शेवटी मेंदूची चाळण होते. चुकीची घडी बरोबर घडीपेक्षा पक्की असते. आमच्याकडे हळद उकळल्याशिवाय टिकत नाही. हे उकळलं तरी टिकतं. आणि यावर औषध नाही.

चारचौघांत पोरगी युरियात आहे असं सांगणं बाबांना जड जात होतं. त्यांनी पारावर सांगितलं, "पोरगी मेंदूच्या रोगावर औषध शोधून राहिली." तसं खोटं नव्हतं, फक्त माझं शेवटचं वाक्य गळालं होतं. दुसऱ्या दिवाळीला मी आले तेव्हा गावात औषध सापडलेलं होतं. तिसऱ्या दिवाळीपर्यंत ते हैदराबादेत मिळायला लागलं होतं, ओळख तेवढी लागत होती. लोक रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन ओट्यावर येऊन बसायचे. मी एकेकाला समजावून सांगायचे. ते मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि उठताना बाबांना हळूच विचारायचे, "मग कधी पाठवून देता?" बाबा म्हणायचे, "बघू." मला त्या सगळ्यांचा राग यायचा. बाबांचा जास्त.

त्यानंतरच्या वर्षी आत्या विसरायला लागली. ती बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. माझी आई सतत आजारी, त्यामुळे मला आत्यानेच वाढवलं. माझी शाळा सुटू नये म्हणून बाबांशी भांडायची तीच. आता ती चूल पेटवून तशीच शेताला निघून जायची आणि शेतात गेल्यावर घर कुठे ते विचारायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं विसरणं आहे, वाढत जाईल. आमच्या प्रथिनाचा रोग नव्हता तो. मी फोनवर बाबांना हे सगळं स्पष्ट सांगितलं. बाबा "व्हय, व्हय" म्हणाले.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या फाटकावरून निरोप आला, तुम्हाला भेटायला कुणीतरी आलंय. जाऊन पाहते तर बाबा. एका हाताने आत्याला धरलेलं, दुसऱ्या हातात हळदीची पिशवी, आमच्या सरांना द्यायला. ज्या माणसाने ही गोष्ट गावात सोडली, तोच तिच्यावर विश्वास ठेवून रेल्वेने हैदराबादला आला होता.

"आण की," बाबा म्हणाले.

"काय आणू?"

"औषध. लोकाला न्हाई म्हणतेस, ते बराबर हाय. हे आपल्या घरचं माणूस हाय."

मी दोघांना आत नेलं, कारण दुसरं काही सुचेना. टेबलावर युरियाची बाटली होती. "माझ्याकडे एवढंच आहे, बाबा," मी म्हणाले. त्यांनी बाटली उचलली, फिरवून पाहिली, झाकण उघडलं. आत्याने त्यात बोटं घातली आणि चिमूटभर काढून तळहातावर चोळलं. फाटकापासून ती मला दोनदा विचारून झाली होती, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" आता तळहाताकडे बघून म्हणाली, "युरिया हाय. वल असल्याबिगर टाकू नका, करपंल."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच संपला. बाटली मात्र फेकावी लागली, हात लागलेला युरिया प्रयोगाला चालत नाही.

गावात परतल्यावर लोकांनी विचारलं, मिळालं का औषध? बाबा म्हणाले, "सुरू केलंय." मी त्यांना सोडायला आले होते; हे ऐकलं आणि आत्याचा हात धरून तिला घरात नेलं. आत्या त्यानंतर दोन वर्षं जगली. गावाने ठरवलं की औषध लागू पडलं होतं, फक्त द्यायला उशीर झाला.

तेराव्यानंतर आठवड्याभराने डोंगरकडा गावाकडचा, मेंढरं राखणारा एक माणूस आपल्या आईला जीपमधून घेऊन आला. म्हातारी ओट्यावर बसली आणि पदराला गाठी मारून सोडत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी मला थांबवलं.

"औषध न्हाई," ते त्या माणसाला म्हणाले. "कवाच नव्हतं. माझ्या बहिणीला बी दिलं न्हाई. मी खोटं बोललो, दादा. सांगायला बरं वाटायचं म्हणून बोललो."

इतक्या वर्षांत बाबा हे पहिल्यांदाच धड बोलत होते. मला त्यांचा अभिमान वाटला. तो माणूस पुढे आला. मग वाकून त्याने बाबांचे पाय धरले.

"नवं नका देऊ," तो म्हणाला. "तुमच्या बहिणीचं उरलेलं असंल, तेवढं द्या."