गाऱ्हाण्यात काशी

गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणं चालू असताना माना खाली आणि डोळे मिटलेले, ही महिपत भुवडांच्या गावची रीत. एकटी काशी तेवढी डोळे उघडे ठेवून, देवळाच्या खांबाला टेकून, गाऱ्हाणं घालणाऱ्या महिपतच्या तोंडाकडे टक लावून बघायची. त्याला याचा भारी राग. "काशे, देव तिकडं हाय," असं त्याने एकदा चारचौघांत सुनावलंही होतं.

काशीचाही इलाज नव्हता. बावीस वर्षं भातगिरणीवर काढली, गिरणीने कान खाल्ले. रत्नागिरीहून आणलेलं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते डब्यात ठेवून दिलं आणि माणसांची तोंडं वाचायला लागली. शब्द तर कळायचेच, न बोललेलंही कळायचं. ओठ आत ओढले की बाई काहीतरी मनात गिळतेय. हसताना एकच कोपरा वर गेला की पाहुण्यांना स्थळ पसंत नाही. काशीशी खोटं बोलायचं तर पाठ करून बोलावं, असं बायका म्हणत.

गेल्या वर्षी शिमग्यात महिपतने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. काशीने तोडलं. पुढे होऊन तिने सरळ त्याचा हात धरला.

"भावजी, थांबा. तुमच्या तोंडाची डावी बाजू उतरल्येय. नितेश, गाडी काढ."

लोक खवळले. महिपत तर जास्तच खवळला, कारण त्याला कुठे काही दुखत नव्हतं. पण त्याच्या मुलाने, नितेशने, बापाचं न ऐकता टेम्पो काढला. रत्नागिरी येईपर्यंत महिपतचा डावा हात लुळा पडला होता. मेंदूत गुठळी झाली होती. अजून तासभर गेला असता तर वाचाच गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

वाचा राहिली, पण बोबडी. 'म' म्हणताना ओठ जुळत नसत, डावीकडून वारा निसटायचा. आणि गाऱ्हाण्यात तर पावलोपावली 'म्हाराजा'. गाऱ्हाण्याला आता दुसरा माणूस बघावा, अशी गावात कुजबुज सुरू झाली. आजोबापासून घरात चालत आलेला मान आपल्या हातून जाणार, या विचाराने महिपतने माणसांत येणंच सोडलं.

मग काशी रोज दुपारी त्याच्या पडवीत येऊन समोर बसायला लागली. "म्हणा," म्हणायची आणि ओठांकडे बघत राहायची. "नाय जुळले. परत." अख्ख्या गावात तिच्या एकटीसमोर त्याला लाज वाटत नसे, कारण त्याचं बोबडं बोलणं तिला ऐकूच जात नव्हतं. तो चिडायचा, कधी डोळ्यांत पाणी आणायचा. ती हटली नाही. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी ती नुसती हसली आणि उठून घरी गेली.

यंदाच्या शिमग्यात महिपत पुन्हा उभा राहिला. शेतीभाती, गुरंढोरं, मुंबईची पोरं, सगळ्यांसाठी मागून झालं. गाऱ्हाण्यात एकट्यादुकट्या माणसाचं नाव घेत नाहीत. महिपतने घेतलं.

"आनी म्हाराजा, या काशीनं माजी वाचा राखली. तिला सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव म्हणालं. काशीचं तोंड तेवढं मिटलेलं राहिलं. ओठ घट्ट दाबून ती रडू आवरत होती. तिच्याकडे बघणाऱ्या महिपतला पुढचं वाक्य बोलायला वेळ लागला, आणि तो उशीर आजारामुळे नव्हता.