एकेक काढणारा मेहुणा

कंपनीने आपण होऊन दिलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझ्या मेहुण्याइतका अविश्वास ठेवणारा माणूस दहिसरपासून मानखुर्दपर्यंत शोधून सापडायचा नाही. नवा शर्ट आणला की तो आधी कॉलरमागचं लेबल उसवतो आणि मगच अंगात घालतो. आमचा फ्रीज आला त्या दिवशी त्याच्या दारावरचा स्टिकर खोबरेल तेल लावून काढण्यात याने सबंध दुपार घालवली. ‘किती तारे, किती बचत’ हे वाचायची आमची हौस तशीच राहिली. हा अविश्वास अनुभवातून आलेला. तो स्वतः औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात होता. ‘भावोजी, तीस वर्षं बाटल्यांना फुकटचे चमचे मीच चिकटवलेत. फुकट देणारा का देतो, ते मला विचारा,’ असं तो म्हणायचा.

तो निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलीने लॅपटॉप घेतला आणि याच्या आयुष्याला ध्येय मिळालं. नव्याकोऱ्या यंत्रात कंपनीने आधीच डझनभर प्रोग्रॅम भरून ठेवलेले. एक सारखा वर येऊन ‘तुम्ही धोक्यात आहात’ म्हणून घाबरवायचा, दुसरा महिनाभर फुकट राहून मग पैसे मागायचा. मेहुणा खवळला. ‘घर मी घेतलं आणि आत बिल्डरचे पाहुणे झोपलेत!’ पुढे ओळखीत कुणीही लॅपटॉप घेतला की रविवारी हा जेवणाचा डबा घेऊन हजर. काढण्याची त्याची रीत ठरलेली होती. एक प्रोग्रॅम काढायचा, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासायचं, चहा प्यायचा आणि मग दुसऱ्याला हात घालायचा. ज्याचं काम कळलं नाही त्याला शिवायचंच नाही. आधी त्याची माहिती काढायची, तोवर तो पुढच्या रविवारपर्यंत सुखाने नांदला तरी चालेल. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्याने नऊ घरं अशी साफ केली. लॅपटॉप पळायला लागायचे आणि घरातली चहापत्ती संपायची.

आता जे लिहायचं ते दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. आमच्या सूनबाईंनी नवा लॅपटॉप घेतला. मेहुणा आला, दिवसभरात सात प्रोग्रॅम काढले, आणि ‘हे दोन काय करतात ते बघून पुढच्या रविवारी,’ असं सांगून गेला. मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस, समोर काम अर्धवट पडलेलं मला बघवत नाही. तो जिना उतरला आणि मी ते दोन्ही एका झटक्यात उडवले. बंद करणं नाही, सुरू करणं नाही, तपासणं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सूनबाईंची ऑनलाइन मुलाखत होती. पडद्यावर साहेबांचे ओठ हलत होते आणि लॅपटॉपमधून चकार शब्द येत नव्हता. फोनवरून जोडेपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं.

संध्याकाळी मेहुणा धावत आला. अर्ध्या तासात आवाज परत आणला. कुठला प्रोग्रॅम किती वाजता काढला याची नोंद यंत्रात राहते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने ती नोंद वाचली, एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि बहिणीला म्हणाला, ‘माझीच घाई झाली, ताई.’

आणि मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. खाली कट्ट्यावर मी हसत हसत सांगितलं, ‘आमचा मेहुणा हात लावेल तिथे वाट लागते.’ आठवड्याभरात ते सगळ्या मजल्यांवर पोचलं. लोकांनी त्याला बोलावणं सोडलं. सख्ख्या बहिणीनेही घरातल्या साध्या घड्याळाला त्याला हात लावू दिला नाही. तो सणासुदीला यायचा, जेवायचा, हात मांडीवर ठेवून बसायचा.

गेल्या रविवारी पोहे खाताना मी सगळं सांगून टाकलं. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, मला त्याहून झकास नोकरी लागली. पण आधी मामांना फोन करा ना!’ बायकोने स्पीकर चालू करून भावाला फोन लावला. ‘मेल्या, सांगितलं का नाहीस मला?’

‘काय सांगायचं?’

‘यांनी केलं म्हणून!’

‘त्या दिवशी भावोजींचा चेहरा बघितला असतास, तर तूही नसतं सांगितलंस. सोड ना आता. जेवायला काय करतेयस?’

दुपारी तो आला. वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. मी माफी मागायला लागलो की तो भात वाढून घ्यायचा. संध्याकाळी मी त्याला स्टॉपवर सोडायला निघालो. गेटाशी पोचतो तोच दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई गॅलरीतून ओरडल्या, ‘मामा, लेकाने नवा लॅपटॉप आणलाय हो! पण...’ आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

‘बिनधास्त बोलवा!’ मी चारही मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. ‘तेव्हा बिघडवला होता तो मी. याने नाही!’

मेहुणा मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, ‘रविवारी येतो, बाई. पूर्ण दिवस लागेल.’

स्टॉपवर बोरिवलीची बस लगेच आली. तो उठला नाही. दुसरीही गेली. आम्ही दोघं म्हातारे तिथल्या बाकावर बसून राहिलो, आणि तिसरी जरा उशिराच यावी असं मला वाटत होतं.