माळ्यावरचा घाट

वाशीमला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. खाली वह्या-पेनं, वर माळ्यावर हातानं बनवलेली छोटी रेल्वे. एक नव्हे, तीन, आणि तिन्ही अर्धवट. कारंज्याची छोटी गाडी, मीटरगेज होतं तेव्हाचं वाशीम स्टेशन आणि अकोला-खंडवा लाइनीवरचा तो घाट, जिथं रूळ डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातात. एकाच वेळी तीन संसार मांडल्यावर जे होतं, तेच आमचं झालं होतं.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या दोस्ताचं. तो मेडशीचा, एसटीचा ड्रायव्हर. आयुष्यभर बस हाकली, पण जीव रुळांवर. मी त्याला डायवर म्हणायचो, तो मला शेठ. माझं दुकान रोज पाहूनही शेठ म्हणायचा, यातच काय ते आलं.

कामाचा आमचा एकच कायदा होता. जिथं अडलं तिथून उठायचं आणि दुसऱ्या गाडीपाशी जाऊन बसायचं. स्टेशनचं छप्पर वाकडं झालं की आम्ही घाटात. घाटाचा थर्माकोल ढासळला की कारंज्याला. मोटर, वायरिंग त्याच्याकडं. डोंगर, झाडं, छपरं माझ्याकडं. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं, तुरीच्या तुराटीचे सिग्नल, सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, गंज्या. एकदा मी माप चुकून ठेंगणा पूल घाटात चिकटवला. इंजिनाचं धुरांडं पुलाला अडकलं आणि डबे एकामागून एक दरीत. डायवर हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "शेठ, तू डायवर नाई झाला हे लय बरं झालं बाप्पा. पब्लिक वाचली."

फिरायची ती फक्त कारंज्याची. प्लायवूडच्या एका फळीवर लांबट गोल, काखेत मारून कुठंही न्यावी एवढीशी. तिच्या स्टेशनला रंग द्यायचा राहिला होता, म्हणून आम्ही तिलाही अर्धवटच धरायचो.

मग डायवरच्या पोटदुखीला नागपूरच्या डॉक्टरांनी नाव दिलं. तो दुकानात येऊन बसला. त्या दिवशी त्यानं मला शेठ म्हटलं नाही.

"एक काम कर," तो म्हणाला. "तीनातली एक गाडी पुरी कर. कोन्तीबी. निघाली, फिरली, टेशनात आली, एवढं मले पाह्यचं हाय. अर्धं लय पाह्यलं."

मी हो म्हणालो, आणि तिथंच माझ्या अकलेनं उचल खाल्ली. कोणतीही म्हणाला म्हणून काय ती फळी दाखवायची? दाखवायचा तर घाट! तो नागपूरला खेपा घालत होता तेव्हा मी माळ्यावर घाटात राबत होतो. चढाला जोर हवा, म्हणून कारंज्याच्या इंजिनातली मोटर काढून घाटाच्या इंजिनात सोल्डरचा डाग देऊन पक्की बसवली. वळणाला रूळ कमी पडले, ते वाशीम स्टेशनातून उपटले. तुकड्या-तुकड्यांनी वर नेलेला डोंगर सांधे बुजवून एकसंध केला. फट दिसली असती तर डायवरनं जन्मभर ऐकवलं असतं.

घाट पूर्ण झाला. गाडी चढली, बोगद्यातून गेली, वेढा घेऊन स्टेशनात आली. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

ठरल्या दिवशी डायवर वहिनींचा हात धरून एसटीतून उतरला. शर्ट त्याचाच होता, आत दुसरंच कोणीतरी. दुकानात आला, माळ्याच्या शिडीकडं पाहिलं आणि तिच्याखालच्या स्टुलावर बसला.

"शिडी नाई जमत आता. खाली आन."

मी वर गेलो. घाट उचलून माळ्याच्या तोंडाशी आणला. सरळ लावला, तिरपा लावला, उभा करून पाहिला. जिथून मी स्वतः खांदे चोरून चढतो, तिथून डोंगर उतरवायला निघालो होतो.

"काय झालं बे?" खालून आवाज आला.

"निघत नाही. तोंड लहान आहे माळ्याचं."

"ते काल मोठं होतं काय?"

वहिनी पदराआड हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते लहानी गाडी आना न. ते तं चालते म्हनत होते हे."

मी वरून डोकं बाहेर काढलं. "तिची मोटर घाटात आहे, वहिनी."

मग डायवर म्हणाला, "म्हंजे माह्याच इंजिनाचं पोट फाडलं तुनं." आणि हसला. मला हसता आलं नाही.

"करवत आणतो. कापतो घाट."

"खबरदार!"

"मग मोबाइलमध्ये शूटिंग करतो."

"मोबाइलमधी कायले? त्यात तं दुनियाभरच्या गाड्या हायेत." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "चालू कर वरच. मी आयकतो."

मी घाट तिथंच आडवा टेकवला, गाडी रुळावर ठेवली आणि बटण दाबलं. लाकडी माळ्यावरून गाडीची घरघर खाली जात होती. माळ्याच्या तोंडातून तो दिसत होता, डोळे मिटलेला. एक हात मांडीवर, जणू गिअरवर ठेवलेला.

"चढून राह्यली," तो म्हणाला. चढतच होती.

"आता बोगद्यात गेली."

मी पाहिलं. इंजिनाचं तोंड नुकतं आत शिरलं होतं.

"निंघाली... टेशन." त्यानं हात वर केला. मी गाडी थांबवली.

"अजून एक चक्कर मार," तो म्हणाला. मग अजून एक. वहिनी छताकडं पाहत होत्या, आणि मेडशीची एसटी निघून गेली तरी उठल्या नाहीत.

सोयाबीन निघायच्या आत तो गेला. मेडशीला पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनी आल्या-गेल्याला सांगत होत्या, "आखरीले पुरी गाडी पाह्यली यांनी. भाऊजींनी दाखवली." मी जेवणाच्या पंगतीत मान खाली घालून बसलो.

आता वायर वाढवून मी बटण खाली आणलं आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच स्टुलावर बसतो, डोळे मिटतो, गाडी सोडतो. मधेच कोणी आलं तर विचारतं, वर उंदीर झाले काय? हो म्हणतो.

चढ ओळखू येतो आता. स्टेशनही येतं. बोगदा मात्र कुठं लागतो ते अजून ऐकू येत नाही, आणि तो तर मीच कोरलेला आहे.