दोन हेल्मेटांमधलं बोलणं

"ऐकू यायलंय का?" असं विचारून मामा हेल्मेटच्या गालावर टिचकी मारायचे आणि मान जराशी वळवून थांबायचे. मागून मामींचं "यायलंय" आलं, की मगच गाडीचा गिअर पडायचा.

सकाळी भोसरीहून चाकणकडे मोटारसायकलवर जाणारी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. मागची बाई काहीतरी सांगते, पुढचा "काय?" म्हणून ओरडतो, ती पुन्हा सांगते, आणि मोशी येईपर्यंत दोघंही नाद सोडतात. या दोघांचं तसं नव्हतं. त्यांच्या हेल्मेटांत एकमेकांशी बोलायचा सेट बसवलेला होता, आणि ते पूर्ण रस्ताभर बोलत जायचे.

मामा आमच्या कंपनीत प्रेस शॉपला होते, मी मेंटेनन्सला; नातं नसलं तरी सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे लातूरकडचे, कंत्राटी, पण कायम माणसांपेक्षा जुने. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायचे आणि त्या दणदणाटात मामांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. मामी पलीकडच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर. दोघांची पहिली शिफ्ट.

त्यांचा पहिला सेट वायरचा होता. मामांच्या हेल्मेटातून वायर निघायची, त्यांच्या खिशातल्या काडेपेटीएवढ्या डबीत शिरायची आणि तिथून मामींच्या हेल्मेटात जायची. आपल्या गेटवर उतरताना मामी पिन काढायला हमखास विसरायच्या. त्या दोन पावलं चालल्या की मामांच्या मानेला हिसका बसायचा. गेटवरचा वॉचमन रोज म्हणायचा, "मामी, आधी दावं सोडा की."

मी एकदा विचारलं, "मामा, एवढं काय बोलता हो? घरी बोलत नाही का?"

"घरी कुठं बोलावं, भाऊ? एक खोली. आई हाय, भाऊ हाय, पोरं हायत. हिला काई मनायचं मनलं तर समदे ऐकायलेत. हितं कुनी न्हाई."

मग माझ्या लक्षात आलं. त्या दोघांना स्वतंत्र खोली अशी ती गाडीच होती.

एक दिवस मामी रजेवर होत्या आणि माझी गाडी बंद. मी मामांच्या मागे बसलो. त्यांनी मामींचं हेल्मेट मला दिलं. मोशीच्या पुढे एक उंच इमारत उठत होती. ती आली तशी कानात मामांचा आवाज आला, "बघ, आपल्या घराला खिडक्या बसल्या." मग त्यांना मागे मी असल्याचं आठवलं आणि ते ओशाळून हसले. मग स्वतःच सांगू लागले. चौथ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर त्यांनी धरलं होतं. आईला कुठली खोली, पोरांना कुठली, कपडे कुठे वाळत घालायचे, सगळं ठरलेलं.

"घेणार आहात?"

"काय घ्यायलोय, भाऊ. बोलायला काय लागतंय?"

एका दिवाळीनंतर बिनवायरचा सेट आला. वॉचमनची गंमत गेली, पण मामांना नवीनच सुख लागलं. मामी हेल्मेट डोक्यावर ठेवूनच गेटातून आत जायच्या, लाइनकडे चालता चालता बोलत राहायच्या. मामा रस्त्याकडेला गाडी लावून ऐकत उभे. भिंती मधे आल्या की आवाज तुटायचा. तो पुरता तुटल्यावरच मामा निघायचे.

मोशीला एका हवालदाराने त्यांना अडवलं. गाडी चालवताना गाणी ऐकतो, असा त्याचा संशय. मामांनी हेल्मेट काढून त्याच्या कानाला लावलं. मागे बसलेल्या मामी म्हणाल्या, "सायब, मीच हाय. सोडा त्यांना, शिफ्ट चुकंल." हवालदाराने एकदा हेल्मेटकडे आणि एकदा मामींकडे पाहिलं. "जावा ताई," एवढंच तो म्हणाला.

पुढे मामा माझ्याकडे सेटची तक्रार घेऊन येऊ लागले. "भाऊ, हिचा आवाज खोल गेलाय बघा." मी स्पीकर साफ केले. थोड्या दिवसांनी पुन्हा आले. मी स्पीकर बदलले. तरी तेच. शेवटी शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये मी त्यांचं हेल्मेट घातलं आणि मामींना दूर उभं राहून बोलायला लावलं. आवाज इतका मोठा आला, की मी हेल्मेट झटकन काढलं.

मामा माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. "बरा हाय ना सेट?"

मी मान हलवली.

त्यांनी हेल्मेट घेतलं, बाहीने काच पुसली. "मंग मीच बिघडलाव," म्हणाले.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची; कानात आवाज आला की बोट वर करायचं. बटण दाबणाऱ्याचा हात बघून मामा बोट वर करायचे आणि पास व्हायचे. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. "कंत्राटी मानूस. कान गेला मनलं की गेट बंद." सुट्टीच्या दिवशी मी त्यांना भोसरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नस सुकलीय, गेलेलं परत येणार नाही, आवाजाचं काम सोडलं नाही तर उरलेलंही जाईल. मशीन लावून घरात थोडं ऐकू येईल, तेही मोठ्याने बोललं तर. जिन्यात मामांनी विचारलं, "काय मनला?" मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. वर चढणारी माणसं थांबून बघायला लागली, इतक्या मोठ्याने सांगावं लागलं.

काम सोडणं शक्य नव्हतं. गाडीही चालूच राहिली. सेटचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, आणि मामी एकेक शब्द तोडून बोलायच्या.

चिंबळी फाट्यावर एक कंटेनर त्यांच्या डावीकडून आत घुसत होता. मामींना तो दिसला. "डावीकडं घेऊ नका," त्या म्हणाल्या. मामांना ऐकू आलं फक्त "डावीकडं". त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

जीव वाचले. मामांना खरचटलं, मामींचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा दोन बोटं वळेनात. वायरिंगच्या कामात त्या बोटांवाचून चालत नाही. त्यांच्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही.

मी भेटायला गेलो तर मामा उंबऱ्यात बसले होते. मी त्यांच्या कानाशी विचारलं, मामी काही बोलल्या का, रागावल्या का.

"मनली बी असंल," ते म्हणाले. "मला कुठं ऐकू आलं?"

मामींनी डाव्या हाताने चहा आणला. "चहा घ्या," त्या मामांना ओरडून म्हणाल्या. गल्लीतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मामींना आणखी काही सांगायचं होतं. त्या खाली वाकल्याही. मग आत बसलेल्या सासूकडे त्यांची नजर गेली आणि त्या तशाच सरळ झाल्या. घरात आता जेवा, उठा, पाणी आलंय, एवढंच बोलणं उरलं होतं. बाकीचं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

पुढच्या तपासणीला बंद केबिन आली. हात दिसायची सोय नव्हती. ठेकेदाराने मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते त्यांना नीट कळेना, तेव्हा त्याने हातानेच खूण करून दाखवली.

गावाकडे जायचं ठरलं. भाऊ खोलीत राहणार होता. दुपारी टेम्पो भरला, तेव्हा मी गेलो होतो. पुढे ड्रायव्हरशेजारी आई आणि पोरं बसली. मागे भांडी, गाद्या, सिलिंडर, आणि त्यांच्यात मामा-मामी, एकमेकांसमोर. मामींनी दुखरा हात मांडीवर धरून ठेवला होता.

टेम्पो सुरू झाला. मी फळीला धरून मोठ्याने विचारलं, "मामा, परत कधी येणार?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मामा तोंडभर हसले. "व्हय, व्हय," म्हणाले, "तुमी बी जपून ऱ्हावा."