साहेबांचा काचेचा पाइप

एकच किस्सा असता तर कधीच विसरलो असतो. पण चिलमीत तंबाखूचं काळं कीट साचतं तसे हे साचत जातात. रोज थोडा थोडा, आणि एक दिवस फुंकर आरपार जात नाही. आता रिटायर झालोय, कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही, म्हणून सांगतो.

मी खिल्लारे. सेनगावकडच्या एका शाळेच्या लॅबमध्ये परिचर होतो. अकरावी-बारावी सायन्सही तिथंच. लागलो तेव्हा तात्पुरता होतो. कायम करायची ऑर्डर संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात, म्हणजे साहेबांच्या. ती ऑर्डर सहीवाचून नऊ वर्षं त्यांच्या टेबलावर पडून राहिली. मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला, परभणीची कागदपत्रं हिंगोलीला आली, पण साहेबांच्या टेबलावरची फाइल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली नाही. शेवटी झालो कायम. कुणाचा वशिला लावला, असं लोक अजून विचारतात.

वशिला काचेचा होता.

*

साहेब मूळचे मातीच्या चिलमीवाले. तंबाखू भरायची, ओला फडका गुंडाळायचा आणि ओढायची. मातीच्या चिलमीचं एक बरं असतं. कीट साचलं की चुलीतल्या विस्तवात पुरून ठेवायची. कीट जळून जातं, चिलीम लाल होऊन कोरी निघते. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

मग साहेबांच्या मुलानं हैदराबादेहून जाड काचेचा, निळ्या रेघांचा पाइप आणला. महिनाभरात तो आतून डांबरासारखा काळा झाला. साहेबांनी काय करावं? पुरला विस्तवात! त्याचा असा आवाज झाला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

दुसरा पाइप आला तेव्हा साहेब शहाणे झाले होते. तो त्यांनी थेट लॅबमध्ये पाठवला. सोबत निरोप, "काचेचं काम खिल्लारेला कळते."

माझी नेमणूक परीक्षानळ्यांसाठी होती हो. नेमणूकपत्रात कुठंही कुणाच्या तोंडातली वस्तू लिहिलेली नव्हती. पण फाइल त्यांच्या टेबलावर आणि पाइप माझ्या टेबलावर. मी धुतला.

*

आता काम करायचं तर नीट करायचं, ही माझी वाईट सवय. पाइपात खडेमीठ टाकायचं, वर स्पिरिट ओतायचं, दोन्ही तोंडांना रबरी बुचं लावायची आणि दहा मिनिटं हलवायचं. मीठ खरवडतं, स्पिरिट विरघळवतं. वाकड्या भागात तार घालायची नाही, काच तडकते. तिथं कोंबडीचं पीस फिरवायचं. मग कोमट पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, आणि शेवटी आरपार मोकळा झाला का ते बघायचं. दर सोमवारी सकाळी पहिल्या तासाला माझं हेच काम. अकरावीची पोरं आम्लाच्या बाटल्यांपाशी उभी, आणि मी मीठ हलवतोय!

एका वर्षी बोर्डाच्या प्रॅक्टिकलला अर्धे स्पिरिटचे दिवे पेटले नाहीत. पेटणार कुठून? स्पिरिट तर साहेबांच्या पाइपातून मोरीत गेलं होतं. गावात बोभाटा झाला की लॅबवाला स्पिरिट पितो. मी, ज्यानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही! घरी आलो तर बायको आधी तोंडाचा वास घ्यायची, मग ताट वाढायची.

साहेबांनी मला भर स्टाफरूममध्ये बोलावलं. "काहून रे खिल्लारे, स्पिरिट पिऊन राहिला का तू?"

विचारताना पाइप तोंडातच होता. नुकताच धुतलेला.

*

त्याच प्रॅक्टिकलची गोष्ट. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तांड्यावरच्या एका मुलीला तोंडी परीक्षेत विचारलं, "स्पिरिटचा एक व्यावहारिक उपयोग सांग."

मुलगी हुशार. तिनं खडेमिठापासून कोंबडीच्या पिसापर्यंत सगळं न अडखळता सांगितलं. काच विस्तवात काहून घालू नये, तेही सांगितलं. परीक्षक खूश. पैकीच्या पैकी मार्क दिले आणि विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात न्हाई सर. दर सोमवारी बघतो आमी."

परीक्षकांनी आमच्या मुख्याध्यापकांचं अभिनंदन केलं, शाळेत प्रात्यक्षिकावर भर दिसतो म्हणून. मुख्याध्यापकांनी ते हात जोडून स्वीकारलं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

*

साहेबांचा पाइप चकाचक दिसायला लागला तसा बाकीच्यांनाही चेव आला. हेडक्लार्क लहाने आपली मातीची चिलीम घेऊन आले. मी हात जोडून सांगितलं, "लहाने साहेब, माती स्पिरिट पिते. ही विस्तवातच घाला."

लहान्यांना वाटलं, मी भाव खातोय. "साहेबांचं करता तुमी, आमचं न्हाई. बराबर हाय, आमच्या हातात ऑर्डर न्हाई ना." एवढं बोलून ते गेले आणि दुपारी मी जेवायला गेलो असताना बाटलीतलं स्पिरिट घेऊन स्वतःच चिलीम भिजवली. संध्याकाळी ओट्यावर बसून काडी लावली. चिलमीतून हातभर जाळ निघाला आणि उजवीकडची मिशी गेली.

दुसऱ्या दिवशी मेमो कुणाला? मला! ज्वलनशील पदार्थाची देखरेख करण्यात कसूर, असं त्यात लिहिलं होतं. लिहिलं लहान्यांनीच, एका बाजूची मिशी घेऊन. चोवीस तासांत खुलासा मागितला.

मी खुलासा दिला, एका ओळीचा. "सदर मिशी माझ्या ताब्यात नव्हती."

तो कागद अजून माझ्या सर्व्हिसबुकात लावलेला आहे.

*

धुतलेला पाइप सोमवारी दुपारी मी साहेबांच्या घरी नेऊन द्यायचो. आम्ही बौद्ध. साहेबांच्या ओसरीवर माझ्यासाठी स्टीलचा एक पेला ठेवलेला होता, वेगळा, खिडकीच्या फळीवर. चहा त्यातच मिळायचा, आणि पिऊन झाला की मीच तो विसळून परत फळीवर ठेवायचा. बाकीच्यांना फुलाफुलांची कपबशी. हेच साहेब गॅदरिंगला माइकवरून समतेवर पाऊण तास बोलायचे आणि टाळ्या वाजवायला आम्ही पहिल्या रांगेत.

बोललो असतो. दर सोमवारी तोंडापर्यंत यायचं. पण टेबलावर फाइल दिसायची, घरी दोन लेकरं होती, आणि मी पेला विसळायचो. माझाच मला राग यायचा, तो आजही येतो.

एकदा ओसरीवर कुणी नव्हतं तेव्हा बाईसाहेब, म्हणजे साहेबांची बायको, दारात येऊन हळूच म्हणाल्या, "खिल्लारे भाऊ, एक काम करता का? त्यो पाइप धूत नका जाऊ. बंद पडू द्या. डॉक्टर म्हनले, छाती पार खराब झाली त्येंची."

मी म्हणालो, "बाईसाहेब, माझी ऑर्डर अडकून हाय."

"व्हय. तुमची ऑर्डर हाय, माझा नवरा हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या सोमवारी मी पाइप धुतला. त्यांनी चहा दिला, पेल्यातच, पण माझ्याकडे न बघता.

*

नववं वर्ष सरत आलं होतं. मुख्याध्यापकांनी साहेबांना कसंबसं राजी केलं की या सोमवारी खिल्लारेची सही करूनच टाका. आम्ही तिघं साहेबांच्या घरी गेलो, मुख्याध्यापक, लहाने आणि मी. ते दोघं खुर्चीवर, मी दाराजवळ उभा. त्यांच्यापुढं कपबशी, माझा पेला खिडकीत. फाइल उघडलेली, पेनाचं टोपण काढलेलं.

साहेब म्हणाले, "आधी पाइप आण. मागच्या टायमाला ओढायला लई तकलीफ झाली. कायतरी अडकून होतं. बराबर बघत न्हाईस तू."

"बघतो साहेब."

"काय बघतो? काळं का पांढरं, एवढंच ना? आरपार मोकळा हाय का, हे कसं कळते तुला?"

नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रुमालातून पाइप काढला. तोंडाला लावला. जोरात फुंकला, मग उलटा श्वास ओढून बघितला. छान मोकळा होता. तसाच साहेबांपुढं धरला.

"असा कळतो साहेब. नऊ वर्षं झाले, दर सोमवारी असाच बघून देऊन राहिलो."

साहेबांचा हात पुढं आलेला होता, तो तिथंच राहिला. मुख्याध्यापक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. लहान्यांचा हात मिशीवर गेला. पाइप माझ्या हातात, ऑर्डर टेबलावर, आणि मला वाटलं, गेली. नऊ वर्षं एका फुंकरीत गेली.

तेवढ्यात बाईसाहेब आतून आल्या. हातात फुलाफुलांची कपबशी. खिडकीतला पेला त्यांनी चहासकट अंगणात रिकामा केला, कपबशी टेबलावर माझ्या बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून दिली. मग माझ्या हातातून पाइप घेतला, साहेबांच्या पुढं आलेल्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या,

"आधी सही करा. मग ओढा खुशाल. साफ हाय म्हनून राहिले ना ते."