गंगासागरचा स्टीलचा खांब

अंबाजोगाईत पोल डान्सचा क्लास चालतो असं सांगितलं की पुण्याचे लोक हसतात आणि बीडचे लोक आवाज खाली करतात. दोघांचीही समजूत काढत बसायला मला वेळ नाही. क्लास २००८ पासून चालतो. तो गंगासागरने उभा केला आणि पुढच्याच वर्षी तो बंद पडता पडता कसा राहिला, हे मी तिथे हजर राहून पाहिलं आहे.

गंगासागर गेवराईकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या शाळेत राधाकिशन सर मल्लखांब शिकवायचे. नियम असा होता की मुलांना खांब आणि मुलींना दोरी. दोरीचा मल्लखांब काही सोपा नसतो, पायाच्या अंगठ्यात दोर धरून उलटं व्हायचं असतं, आणि गंगासागर तो इतका चांगला करायची की जिल्ह्यात दुसरी आली होती. पण जीव अडकलेला खांबात. एकदा सर जेवायला गेलेले पाहून चढली. सरांनी उतरवलं आणि म्हणाले, "पोरी, खांब पोरांचा. तुला दोरी दिलीय ना?"

"कावून पण?"

उत्तर म्हणून सरांनी तिला आठ दिवस दोरीलाही हात लावू दिला नाही. मग दहावी झाली आणि लग्न लागलं.

नवरा बंकट आमच्या गावचा, फॅब्रिकेशनचं दुकान असलेला. आधी तो खिडक्यांच्या जाळ्या नि शटरं करायचा. मग बंगले झाले, आणि ज्याला त्याला जिन्याला चकचकीत स्टीलची रेलिंग पाहिजे झाली. नवा पैसा आमच्या गावात सगळ्यांत आधी जिन्यावर दिसला. बंकटच्या दुकानात स्टीलचे पाईप भिंतीला उभे राहिले आणि घरात केबल आली. एका दुपारी मेथी निवडत असताना गंगासागरला टीव्हीवर परदेशातली कसली तरी स्पर्धा दिसली. उभ्या स्टीलच्या पाईपवर एक बाई नुसत्या गुडघ्यामागच्या लवणीने धरून उलटी, दोन्ही हात मोकळे.

"अहो, हे तर आपलंच हाय," ती बंकटला म्हणाली. "नुसतं लाकूड न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती नेटकॅफेत. व्हिडिओ दर दहा सेकंदाला अडकायचा, ते तिला बरंच पडायचं. अडकला की वहीत हात कुठे, पाय कुठे ते काढून घ्यायची. कॅफेवाला मान वाकडी करून बघायला लागला, तेव्हा त्याला म्हणाली, "तोंड तिकडं कर. माझ्या पैशाचं हाय ते."

पहिला खांब बंकटने दुकानातच, रेलिंगच्याच पाईपचा बसवला. तिने जोरात गिरकी घेतली आणि तो मधोमध वाकला.

"रेलिंगला लोक नुसता हात लावतेत," बंकट म्हणाला. "लोंबकळत न्हाईत."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो लातूरहून जाड पत्र्याचा, पावणेदोन इंची पाईप घेऊन आला. खाली फरशीत आणि वर स्लॅबमध्ये प्लेट बोल्टनी आवळली. आधी स्वतः नव्वद किलोचा त्याला लटकला, आणि मग म्हणाला, "आता पडलीस तर तुझी चूक."

पहिली विद्यार्थिनी यशोधरा, सरकारी दवाखान्यातली स्टाफ नर्स. पेशंट उचलून उचलून तिची कंबर गेली होती. तीन महिन्यांत कंबर सरळ झाली आणि तिने आणखी चार नर्सेस आणल्या. मागोमाग मेडिकलच्या मुली, दोन शिक्षिका, आणि कॉलेजात केमिस्ट्री शिकवून नुकतीच रिटायर झालेली मी. दुकानातली जागा पुरेना, तेव्हा मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, केदारनाथअप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला, खांब उपटून तिकडे नेला. पाटी लावली: 'महिला पोल फिटनेस'.

त्या पाटीने घोटाळा केला. डान्सबारबंदीचा गाजावाजा होऊन चारच वर्षं झाली होती, आणि सिनेमात असला खांब गावाने एकाच जागी पाहिलेला. लोक भांडी घ्यायला येत आणि वर बघत. केदारनाथअप्पा सज्जन माणूस. जिना अर्धा चढून आले आणि भिंतीकडे बघत बोलले.

"ताई, लोक बोलायलेत. खांब ठेवा, माझं काही म्हणणं न्हाई. पण सलवार घालून करा. ह्या चड्ड्यांचं न्हाई जमायचं."

"अप्पा, कापड स्टीलवरनं सरकतं. कातडीच धरती."

"ते मला कळत न्हाई. जागा अक्काच्या नावावर हाय. दसऱ्याला चार वाजता अक्का येईल, सोबत पेठेतल्या बायका येतील. सगळ्यांसमोर पूर्ण कपड्यात करून दाखवा. अक्का हो म्हणली तर चालू. न्हाई तर दुसऱ्या दिवशी खांब काढायचा."

अक्का म्हणजे त्यांच्या आई चंद्रभागाबाई. त्यांच्यापुढे अप्पाच काय, वसुलीला आलेले लोकही चपला बाहेर काढत.

गंगासागर हो म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की हा मूर्खपणा आहे. ती म्हणाली, "मॅडम, दुसरा हॉल कोण द्यायलंय?" तेही खरंच होतं. दुसरा हॉल कुणीच देणार नव्हतं. आठ दिवस ती सुती सलवारीत घाम गाळत होती. चार साध्या गोष्टी जमायच्या, त्याही दात-ओठ खाऊन.

इथे एक सांगायला हवं. स्टीलचा खांब धरतो तो गुडघ्याच्या लवणीने, मांडीने, काखेने, कोरड्या कातडीने. क्लासच्या दिवशी आम्हाला अंगाला क्रीमसुद्धा लावू देत नाही ती. लाकडाच्या मल्लखांबाचं उलटं. लाकूड अंग सोलून काढतं, म्हणून त्याला एरंडेल चोळतात.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. गंगासागरने सकाळीच खांबाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. राधाकिशन सरांना तिने गेवराईहून मुद्दाम बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेले सर एसटीने बाराला उतरले. तिने हॉल दाखवला, खांब दाखवला. सरांनी खांबावरून बोट फिरवून बघितलं. त्यांना बसवून ती घरी पुरणपोळीचं ताट आणायला गेली.

सरांनी चाळीस वर्षं दर दसऱ्याला शाळेच्या मल्लखांबाला स्वतःच्या हातांनी तेल लावलं होतं. इथे पूजा झालेली आणि खांब कोरडा. ते त्यांना बघवलं नाही. पिशवीत बाटली होतीच. त्यांनी पायातलं काढलं, बाह्या सारल्या आणि जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत एरंडेल चोळलं. मन लावून चोळलं.

गंगासागर ताट घेऊन आली तेव्हा खांब आरशासारखा चमकत होता आणि सरांचे हातही.

"कुणी तेलच न्हाई लावलं तुझ्या खांबाला," सर म्हणाले. मग हात पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तवाच तुला खांब द्यायला पायजे व्हता, गंगे. माझंच चुकलं."

आता यावर काय बोलणार? ती म्हणाली, "लई चांगलं केलंत, सर." त्यांना जेवायला वाढलं, पोळीवर तूप घातलं, मागच्या खोलीत गेली आणि यशोधराला फोन लावला.

अडीच वाजता आम्ही आठ जणी खांबाभोवती. सर खाली दुकानात अप्पांच्या शेजारी गादीवर. गरम पाणी झालं, साबण झाला, रॉकेल झालं. एरंडेल हललं नाही, खांब आणखीच झळकला. मी मुठीत बेसन घेऊन उभी. तेवढ्यात यशोधरा दवाखान्यासमोरच्या मेडिकलातून स्पिरिटच्या सहा बाटल्या घेऊन आली. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळतं, इतर खाद्यतेलं तशी विरघळत नाहीत, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि ऐन वेळी बेसन धरून बसले.

"मॅडम," यशोधरा म्हणाली, "मी तुमच्या वर्गात नव्हते ते बरंच झालं."

साडेतीन वाजता अक्का आल्या, अर्धा तास आधी. नऊवारी, नवरात्राच्या अनवाणी पायांनी. बघतात तर नऊ बाया तोंडाला पदर नि ओढण्या बांधून एका पाईपला घासतायत आणि हॉलभर दवाखान्याचा वास.

"काय सांडलं?"

गंगासागरने सगळं खरं सांगितलं. सरांचं, तेलाचं, आणि सर काय म्हणाले तेही.

"मास्तरला बोललीस काही?"

"न्हाई."

"बोलू नको." अक्कांनी पदर खोचला. "फडकं दे. अन् खालून वर काय पुसायल्यात गं? वरून खाली पुसा. भांडी घासली न्हाईत का कधी?"

चारला पेठेतल्या बायका आल्या, तीसेक असतील. पोरं खाली ठेवली होती. गंगासागर सलवारीत उभी राहिली, खांबाला हात लावून नमस्कार केला आणि चढली. दोन हात वर गेली, पाय अडकवला, आणि सरळ घसरत जमिनीवर बसली. कुणीतरी हसलं. पुन्हा चढली, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळेला ती उलटी झाली. सलवार मांडीखालून सटकली, एका हाताने कसंबसं धरलं, आणि डोकं फरशीपासून वीतभर राहिलं. मी उठून उभी. हसणारी बाईही.

"थांब," अक्का म्हणाल्या. "कावून पडायलीस?"

"कापड सरकतंय, अक्का. तेल बी जरासं राहिलंय."

"मग रोज कशी करतीस?"

"चड्डीत."

"केवढी?"

गंगासागरने मांडीवर हात आडवा ठेवून दाखवला. अक्कांनी तो हात बघितला, खांब बघितला, वीतभर उरलेली ती जागा बघितली. मग दाराजवळच्या बाईला म्हणाल्या, "कडी लाव." आणि गंगासागरला, "जा, बदल."

ती चड्डी घालून आली तेव्हा निम्म्या बायका बाजूला काढून ठेवलेल्या झेंडूच्या हाराकडे बघत होत्या. यशोधराने शेवटची बाटली खांबावर रिकामी केली, कोरड्या फडक्याने पुसलं. गंगासागर चढली. या वेळी घसरायचं नावच नाही. सरांचा हात पोचला होता त्याच्याही वर गेली, थेट स्लॅबखाली, गुडघ्याची लवण अडकवली आणि उलटी होऊन दोन्ही हात सोडले. केस खाली, हात पसरलेले, आणि ती अशीच फिरली, एक फेरा, दोन फेरे.

"पडंल ती, अगं पडंल," एक बाई ओरडली.

"पडत न्हाई," अक्का म्हणाल्या. "गुडघ्यानं धरलंय. बघ की नीट."

मग तिने दोन हातांत खांब धरून अख्खं शरीर आडवं केलं, जमिनीला समांतर, वाऱ्यावरच्या झेंड्यासारखं. सदतीस वर्षांची, दोन पोरांची आई. माझ्या शेजारची बाई माझा दंड इतका दाबून धरून बसली होती की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला. मागोमाग यशोधरा चढली, मग मेडिकलच्या मुली, आणि मीसुद्धा तीन फूट गेले. टाळ्या कोण वाजवतंय कळेना. बायका उठून खांबाला हात लावून बघत होत्या, एक तर जरीच्या साडीतच लटकली आणि घसरून खाली बसली, आणि या खेपेला सगळ्या हसल्या तशी तीही हसली.

अक्कांनी गंगासागरच्या मांडीवरचा लालभडक वळ बोटाने दाबला.

"दुखतं?"

"लई."

"मग कशाला करतीस?"

"येतंय म्हणून," ती धापा टाकत म्हणाली.

अक्का जिना उतरल्या. खाली अप्पा आणि सर डोक्यावरची धपधप ऐकत तासभर बसून होते, दोघांचा चहा तसाच निवलेला.

"काय ठरलं?" अप्पांनी विचारलं.

"खांब राहील."

"अन् कपडे?"

"जे लागतेत ते."

"अक्का, लोक काय म्हणतेल?"

"म्हणू दे. मी बघून आलेय. ज्याला विचारायचं त्यानं मला येऊन विचारावं." अप्पांनी तोंड उघडलं तशा म्हणाल्या, "अन् तू अर्ध्या जिन्याच्या वर जायचं न्हाई." मग सरांकडे वळल्या. "तुमी जा, मास्तर. तुमची पोरगी हाय ती."

सर उठले. तोवर गंगासागर कमरेला ओढणी गुंडाळून जिन्यात आलीच होती, श्वासही पुरता बसला नव्हता.

"अप्पा, आत्ताच विचारून घेते. स्लॅबला नि फरशीला अजून भोकं पाडली तर चालंल का? एकाच खांबावर बाकीच्या नुसत्या वाट बघत बसत्यात."

अप्पांनी आईकडे बघितलं.

"पाड म्हण," अक्का म्हणाल्या. "पण आधी भांड्यांवर चादर टाक. वरून धूळ पडंल."

"कधी पाडायची?" अप्पांनी जरा हताशपणे विचारलं.

दसरा साडेतीन मुहूर्तांतला, पंचांग बघायची गरजच नव्हती. साडेपाचला आम्ही सगळ्यांनी मिळून दुकानातल्या पातेल्यांवर चादरी पसरल्या, आणि सहाला बंकटचं ड्रिल सुरू झालं.